वळवाच्या आधी अरण उघडून बघा

अवसरी बुद्रुकच्या आणि शेजारच्या वाड्यावस्त्यांवरच्या शेतकरी बंधू-भगिनींना, आणि घरात पाच-दहा किलो का होईना बटाटा भरून ठेवणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ही कळकळीची विनंती आहे. येत्या चार-आठ दिवसांत तुमची अरण, म्हणजे सावलीत पाचटाखाली लावलेला बटाट्याचा ढीग, एका बाजूने उघडा. वरचं पाचट काठीने बाजूला सारा, विंचू-सापाची खात्री करून घ्या, आणि मधल्या थरातला बटाटा बाहेर काढून हातात धरा. गार लागतो की ऊबदार? कोरडा आहे की चिकट? नाकाजवळ नेला तर मातीचा वास येतो की आंबूस? वरून अरण लावली तशीच दिसते म्हणून आत सगळं ठीक आहे असं धरून चालू नका. सड पोटातून सुरू होते. ती बाहेर पाझरायला लागेपर्यंत निम्मा माल हातचा गेलेला असतो.

हे काम पुढच्या महिन्यावर का ढकलू नये, ते सांगतो. रब्बीचा बटाटा आपण जानेवारी ते मार्चमध्ये काढला. काढणीच्या वेळी मंचरला आवक दाटते, भाव पडतो, म्हणून ज्याला जमलं त्याने अरण लावली आणि तो आषाढाकडे डोळे लावून बसला. त्यात गैर काही नाही. पिकवणाऱ्याने भावासाठी थांबायचं नाही तर कोणी थांबायचं? पण मधले दोन महिने बटाट्याला सगळ्यात जड जातात. आधी चैत्र-वैशाखाचं ऊन, आणि त्याच्या पाठोपाठ वळीव. त्यात लग्नसराई आणि यात्रा-जत्रा. घरातली सगळी माणसं त्या धावपळीत, आणि अरणीकडे बघायला कोणी नाही.

पाऊस सात जूनला येईल या हिशोबावरही आता विसंबता येत नाही. २०२५ साल आठवा. त्या वर्षी मोसमी पाऊस केरळात २४ मे रोजी पोचला आणि दोनच दिवसांत, २६ मे रोजी, पुण्या-मुंबईपर्यंत आला. त्याआधीचा मे महिनाही राज्यात अवकाळीने भिजवून काढला होता. ज्यांची आवराआवर जूनच्या पहिल्या आठवड्यासाठी ठेवलेली होती, त्यांचा कांदा-बटाटा उघड्यावर भिजला. म्हणून यंदा तारीख आपण ठरवू. वैशाख लागायच्या आत प्रत्येक अरण एकदा उघडली गेली पाहिजे.

बटाटा मातीतून काढला म्हणून तो मेला असं होत नाही. तो श्वास घेतो. हवेतला प्राणवायू आत घेतो, साठवलेलं पिठूळ सत्त्व थोडं थोडं जाळतो, आणि कर्बवायू, पाण्याची वाफ आणि उष्णता बाहेर टाकतो. तापमान दहा अंशांनी चढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. एक बटाटा टाकतो ती उष्णता आपल्याला जाणवत नाही, पण अरणीत शेकडो पिशव्यांचा माल एकमेकांना चिकटून पडलेला असतो. ती ऊब बाहेर निघाली नाही तर आतच साठत जाते. ऊब वाढली की श्वास वाढतो, आणि श्वास वाढला की ऊब आणखी वाढते. वाफ वरच्या गार आवरणाला लागून पाणी होऊन परत मालावर गळते. ओल आणि उष्णता एकत्र आली की मऊ कूज आणणाऱ्या जिवाणूंना आणखी काही लागत नाही. हवा अगदीच कोंडली तर बटाटा बाहेरून धडधाकट दिसतो आणि चिरल्यावर मध्यभागी काळा निघतो. त्याला कुठला रोग झालेला नसतो, तो आतून गुदमरलेला असतो.

आपल्या वाडवडिलांनी अरणीची पद्धत घडवली ती हे सगळं ओळखून. दाट सावलीचं झाड, पाणी न साचणारी उंचवट्याची जागा, उथळ खड्डा, माल भरण्याआधी खड्ड्यात पाणी सोडून जिरवून जमीन गार करणं, तळाला कडुलिंबाचा पाला, वरून पाचट किंवा गवत. विजेचा एक दिवा न लावता हा माल दोन-तीन महिने टिकायचा. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनेही देशभरातल्या अशा देशी साठवणुकीचा अभ्यास केला, ती मोडीत काढण्याऐवजी सुधारून घेतली. ढिगाच्या मधोमध भोकं पाडलेले पाइप उभे करून गरम हवेला वाट द्यायची, ही त्यातलीच एक सुधारणा. तेव्हा अरण म्हणजे जुनाट पद्धत असं म्हणणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. बिघडली आहे ती आपली अरण लावण्याची रीत. बांधावरची झाडं गेली, सावली गेली, ढीग मात्र वाढले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाचटावर, काही ठिकाणी तर थेट बटाट्यावर, प्लास्टिकचा कागद आला.

त्या कागदाबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान तो करतो. पाऊस आला तर म्हणून कागद टाकला जातो आणि पाऊस नसतानाही महिनाभर तसाच राहतो. दुपारच्या उन्हात त्याखाली काय होत असेल, ते बंद गाडीत बसून बघा. कागद ढिगाला चिकटून नको. चार मेढी रोवा, आडवे बांबू बांधा, त्यावर कागद किंवा ताडपत्री ताणा, आणि ढीग व छत यांच्यामध्ये दोन-तीन फूट मोकळी हवा खेळू द्या. चारी बाजू उघड्या ठेवा. छताचं पाणी ढिगापासून लांब पडेल इतका उतार द्या आणि भोवतीने चर खणा. ढिगाची उंची कमरेच्या वर नको. माल जास्त असेल तर एका मोठ्या अरणीऐवजी तीन लहान लावा. एकीला सड लागली तर बाकीच्या दोन वाचतात.

अरण उघडल्यावर निवड करताना हयगय करू नका. सडका, ओला, चिरलेला, कुदळीचा घाव लागलेला, हिरवा पडलेला, कोंब आलेला, असा सगळा माल वेगळा करायचा. एका सडक्या बटाट्यातून गळणारं पाणी खालच्या दहा जणांना घेऊन जातं. निवडलेला चांगला माल सावलीत पसरून वारा लागू द्या, अंग सुकू द्या, मग परत लावा. उन्हात वाळवायचा विचारही नको. हे काम पहाटेच्या गारव्यात करा. रात्रभरात माल थंड झालेला असतो आणि बंद करताना तोच गारवा आत राहतो. अंधारात मात्र जाऊ नका, आणि राखणीला म्हणून पोराटोरांना उसाच्या कडेला झोपवू नका. जुन्नर-आंबेगावात बिबट्या किती जवळ आला आहे, हे इथल्या कुणाला नव्याने सांगायला नको.

काम मोठं आहे, मजूर मिळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी सावड करा. आज तुमची अरण, उद्या माझी, परवा तिसऱ्याची. ज्या घरात म्हातारी माणसंच उरली आहेत, मुलं पिंपरी-चिंचवडला किंवा चाकणला कामाला आहेत, त्या घराची अरण आधी उघडा. त्यांचा माल सडला तर दुसरं काही हाताशी नाही.

आता बटाटा पोखरणाऱ्या पाकोळीचं. बटाट्याच्या डोळ्याजवळ बारीक काळी विष्ठा दिसली की समजा, आत अळी पोखरते आहे. ही कीड मूळची आपली नाही. १९०६ च्या सुमारास इटलीहून आणलेल्या बियाण्याच्या बटाट्यासोबत ती मुंबई इलाख्यात शिरली आणि आपल्या उष्ण हवेत कायमची मुक्कामाला राहिली. उन्हाळ्यात महिन्याभरातच तिची नवी पिढी उभी राहते, म्हणून चैत्रात दिसलेल्या चार पाकोळ्या ज्येष्ठापर्यंत अख्खी अरण खातात. तिच्या धास्तीने कीडनाशकाची पावडर खाण्याच्या बटाट्यावर धुरळली जात असेल, तर हात जोडून सांगतो, थांबवा. शेतात फवारायचं औषध वेगळं आणि कोणाच्या तरी ताटात जाणाऱ्या साठवलेल्या मालावर विष टाकणं वेगळं. तो बटाटा मंचरहून कुठल्या घरात जाईल, कुठलं लेकरू खाईल, आपल्याला कळणार नाही. त्याऐवजी घाणेरीचा किंवा निलगिरीचा पाला सावलीत वाळवून, चुरून, मालाच्या खाली आणि वर बोटभर जाडीचा थर द्या. बटाटा संशोधकांनी तपासून सुचवलेला हा उपाय आहे, आणि घाणेरी आपल्या माळाला फुकट उगवते. सगळा माल पूर्ण झाकलेला हवा, कारण पाकोळी उघडा डोळा शोधून अंडी घालते. किडलेला माल अरणीत परत ठेवू नका आणि शेजारी टाकूनही देऊ नका.

घराघरांतल्या साठवणुकीकडे वळतो. आयाबायांनो, इथे सगळी सूत्रं तुमच्या हाती आहेत, आणि गावातल्या सगळ्या घरांतली नासाडी एकत्र केली तर ती एखाद्या अरणीपेक्षा कमी भरणार नाही.

पत्र्याच्या घरातला माळा ही बटाट्यासाठी सगळ्यात वाईट जागा. दुपारी तिथे माणूस दहा मिनिटं बसू शकत नाही, तिथे बटाटा दोन महिने कसा राहील? माजघराचा अंधारा कोपरा, कॉटखालची जागा, जिन्याखालचा कोनाडा चांगला. खाली विटांवर फळी किंवा बांबूची चटई, त्यावर बांबूची टोपली किंवा विरळ विणीचं पोतं, वरून कोरडं गोणपाट. दुकानातून प्लास्टिकच्या पिशवीत आणलेला बटाटा घरी येताच पिशवीतून काढा. धुऊन ठेवू नका. माती लागलेली असेल तर ती सुकल्यावर हाताने झटका, धुणं चिरायच्या वेळी. आणि आठवडे बाजाराला निघण्याआधी टोपली एकदा उलटी करून बघा. त्यात एखादा मऊ पडलेला असेल तर निघतो, आणि नवा किती आणायचा तेही कळतं.

अंधार का, हा प्रश्न मुलं विचारतात. उजेड लागला की बटाटा स्वतःला जमिनीवर आलेलं झाड समजू लागतो. साल हिरवी होते. तो हिरवा रंग हरितद्रव्याचा, त्याने काही बिघडत नाही. पण त्याच उजेडाने सालीत आणि सालीखाली सोलॅनिनसारखी कडू विषारी द्रव्यंही वाढतात, आणि ती उकडल्याने जात नाहीत. लंडनच्या आग्नेय भागातल्या एका शाळेत सुट्टीआधीचा उरलेला पोतंभर बटाटा सुट्टीनंतर रांधला गेला आणि ७८ मुलगे आजारी पडले. उलट्या, जुलाब, काहींची शुद्ध हरपलेली. १९७९ मध्ये डॉक्टरांनी हे प्रकरण नोंदवून प्रसिद्ध केलं. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याही शाळा-अंगणवाड्यांना मे महिन्याची सुट्टी लागते. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना आणि मावशींना विनंती: सुट्टीआधी उरलेला बटाटा जूनमध्ये मुलांच्या ताटात जाता कामा नये. तो सुट्टी लागायच्या आधीच संपवा. लग्नाच्या जेवणावळीची जबाबदारी घेणाऱ्या आचाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. हजार माणसांच्या भाजीत स्वस्तात आलेला हिरवा, कोंबाळलेला माल खपवणं हा गुन्हा समजा. बारीक कोंब आलेला, पण घट्ट आणि न हिरवटलेला बटाटा कोंब-डोळे खोल काढून खायला हरकत नाही. सुरकुतलेला, लांब कोंबांचा, हिरवा किंवा चाखल्यावर जिभेला कडू लागलेला टाकूनच द्या. लहान मुलांसाठी तर शंका आली तरी टाका.

किराणा आणि भाजीची दुकानं चालवणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. दारात, उन्हाच्या तिरीपेत किंवा रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली बटाट्याचा ढीग मांडू नका. वरून गोणपाट टाका, गिऱ्हाईक आलं की सारा.

फ्रिजचा मोह होतो, विशेषतः अवसरी खुर्दच्या अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे खोल्या करून राहिलेल्या मुलामुलींना. कच्चा बटाटा फ्रिजच्या चार-पाच अंशांत राहिला की त्यातलं पीठ साखरेत उतरतं. भाजी गोडसर लागते, काचऱ्या कढईत टाकताच तांबूस-काळ्या पडतात. तळताना अशा साखरेमुळे अॅक्रिलामाइड नावाचा नको असलेला पदार्थही जास्त तयार होतो. तळलेल्या बटाट्यात तो असल्याचं स्वीडनच्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिलं. तेव्हा उकडून-शिजवून खायचा असेल तर नाइलाजाने फ्रिज चालेल, तळायचा असेल तर नको. शीतगृहातून आलेला बटाटा गोड निघाला, तर तो घरात अंधाऱ्या जागी दहा-पंधरा दिवस मोकळा ठेवा, गोडी बरीच उतरते. शीतगृहातून काढल्यावर त्याला घाम फुटतो, तो पंख्याखाली सुकल्याशिवाय मात्र पोत्यात भरू नका.

कांदा आणि बटाटा एका टोपलीत ठेवणं ही आपल्याकडची सर्रास सवय आहे, ती यंदापासून सोडू या. बटाट्याला भोवतीची हवा दमट लागते, पंच्याऐंशी-नव्वद टक्के ओलाव्याची, नाहीतर तो सुरकुततो. कांद्याला पासष्ट-सत्तर टक्क्यांची कोरडी हवा लागते, नाहीतर तो मोड धरतो आणि काजळी लागून कुजतो. दोघं एकत्र ठेवले की बटाट्याच्या श्वासातली वाफ कांद्याला खाते. कांदा जाळीच्या पिशवीत भरून वाऱ्याच्या जागी टांगा. त्याला थोडा उजेड चालतो. लसूण पातीसकट जुड्या बांधून त्याच्याशेजारी. रताळी आणि सुरण बटाट्यासारखेच अंधारात, पण फ्रिजमध्ये कधीच नाहीत. थंडीने रताळ्याचा गाभा कडक होतो.

कांद्याची बराखी भरलेल्यांसाठी एवढंच, की राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. १९९८ पासून ते तिथे आहे. खालून आणि बाजूने हवा खेळणारी चाळ कशी बांधायची, ढीग चार-पाच फुटांच्या वर का नको, भीमा शक्ती आणि भीमा किरणसारखा रब्बी कांदा पाच-सहा महिने का टिकतो आणि खरिपाचा लाल कांदा का टिकत नाही, हे सगळं तिथे बघायला मिळतं. आपल्या गावातून किती जण तिथे जाऊन आले? पाच-सहा जणांनी एका गाडीत बसून जा. एक सकाळ मोडेल, पण बराखी सावरेल.

जो बटाटा काढणीत चिरला पण सडलेला किंवा हिरवा नाही, त्याचं काय, हा प्रश्न उरतो. तो साठवायचा नाही, वापरायचा. चैत्र-वैशाख वाळवणाचे दिवस आहेत. चिरलेला भाग काढून वेफर्स करा, कीस करा, साबुदाणा-बटाट्याच्या चकल्या करा. गावातल्या बचत गटांनी अरणी उघडायच्या दिवशीच शेतकऱ्याकडून हा चिरलेला माल घेतला, तर त्याला चार पैसे मिळतील आणि गटाला आषाढी-श्रावणातल्या उपवासांसाठी माल तयार होईल.

आणि सडका माल ओढ्यात टाकू नका. घोडेगाव ते पारगाव पट्ट्यात कुठेही जा, पुलाखाली सडक्या कांद्या-बटाट्याची पोती दिसतात. त्याचं पाणी विहिरींना जातं, पाकोळी पुढच्या पिकावर जाते. खोल खड्डा घ्या, थर देऊन चुना आणि माती टाका. हिरवे आणि कोंबाळलेले बटाटे जनावरांपुढे टाकू नका, त्यांनाही तेच विष बाधतं. कोणी बंद खोलीत बटाटा भरला असेल आणि आतून सडका वास येत असेल, तर दारं-खिडक्या सताड उघडून बराच वेळ जाऊ द्या आणि मगच आत पाऊल टाका. एकट्याने तर नकोच. बंद जागेत सडत्या मालाने प्राणवायू संपवलेला असतो, ते डोळ्यांना दिसत नाही.

१ मे रोजी ग्रामसभा आहे. त्या दिवशी लग्नाचं आवतण असलं तरी घरटी एक माणूस सभेला पाठवा. तीन गोष्टी मांडा. ओढ्यालगत सडका माल टाकण्यावर गावाची बंदी आणि त्यासाठी एक ठरलेला खड्डा. पुढच्या पावसाळ्यात बांधांवर आणि पडीकावर आंबा, चिंच, करंज, लिंब लावायची यादी, म्हणजे दहा वर्षांनी तरी अरणीला सावली मिळेल. आणि सहायक कृषी अधिकाऱ्यांनी अरण व बराखीबद्दल गावात येऊन प्रत्यक्ष शेतावर दाखवायचा एक दिवस. पण सभेची वाट पाहून अरण बंद ठेवू नका. उद्या पहाटे घरातल्या दोघांनी जा, एक बाजू उघडा, हात आत घाला. माल ऊबदार लागला तर तासाभराच्या आत प्लास्टिक काढा आणि शेजाऱ्याला हाक मारा.